म्हशीमागची बिडी

एकच ओढायची, आणि तीही अर्धी, असं जयरामभाऊ उबाळ्यांनी मनाशी अगदी रीतसर ठरवलं होतं. पुढे जे काही रामायण झालं ते त्या अर्ध्या बिडीमुळे. उरलेली अर्धी त्यांनी खरोखरच विझवून खिशात ठेवली होती. त्यांच्या बाजूने सांगण्यासारखी एवढी एकच गोष्ट आहे, म्हणून ती सुरुवातीलाच सांगून टाकली.

आता कुणी म्हणेल, टोकावड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत वसलेल्या करंजपाड्यात एका माणसाने अर्धी बिडी ओढली तर त्यात एवढं काय? दुसऱ्या कुणी ओढली असती तर कुत्रंसुद्धा भुंकलं नसतं. पण जयरामभाऊ नुसते माणूस राहिले नव्हते. ते उदाहरण झाले होते.

तीन वर्षांपूर्वी त्यांना खोकला लागला तो काही केल्या थांबेना. कल्याणच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, उजेडाकडे धरून पाहिला आणि जयरामभाऊंना काही न विचारता थेट चंद्राबाईंना विचारलं, "यांना बिडी हवीय, पण तुम्हाला हे हवेत का?" चंद्राबाई म्हणाल्या, "तीस वर्षं सांभाळलेत. आता कुठं टाकू?" त्याच संध्याकाळी घरातली बिड्यांची बंडलं चुलीत गेली. पुढे वर्षभरात चंद्राबाई आजूबाजूच्या पाच पाड्यांच्या महिला व्यसनमुक्ती समितीच्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्या भाषणात एक वाक्य ठरलेलं असे. "मी लांबचं नाय सांगत, माझ्या घरातलंच उदाहरण सांगते." एवढं झालं की जयरामभाऊंनी उभं राहून हात जोडायचे आणि बायांनी टाळ्या वाजवायच्या. एका पाड्यावर तर त्यांना शालही मिळाली होती.

(जयरामभाऊंनी सुरुवातीला थोडी हुज्जत घालून पाहिली होती. पंचशीलातल्या पाचव्या शीलात दारूचं नाव आहे, बिडीचं कुठं आहे, असा मुद्दा काढला होता. चंद्राबाई म्हणाल्या, "शिकून कचेरीत बसलात ते पळवाटा काढायला का?" मुद्दा तिथंच निकालात निघाला.)

खरी गोष्ट अशी, की सात महिने त्यांनी बिडीला हात लावला नव्हता. मग मार्चअखेर आली. मुरबाडला एका सरकारी कचेरीत ते आवक-जावकच्या टेबलावर होते. कागदांचा ढीग उपसून जीव मेटाकुटीला आला असताना कुणीतरी बिडी पुढे केली आणि हाताने ती घेतली. तेव्हापासून रोज एक. पण जयरामभाऊ पडले नियमांचे माणूस. समास सोडला नाही म्हणून अर्ज परत करणारे. त्यांनी स्वतःलाही नियम घालून घेतले. बिडी दिवसाला एकच. ती मुरबाडला, जेवणाच्या सुट्टीत, एसटी स्टँडच्या मागे. रविवारी बंद. गावाच्या हद्दीत तर अजिबात नाही. त्यानंतर साबणाने हात, मग बडीशेप, मग इलायची. हे सगळं दोन वर्षं त्यांनी इतक्या शिस्तीत पाळलं, की आपण बिडी सोडल्यातच जमा आहोत असं त्यांना मनापासून वाटू लागलं होतं.

अशात करंजपाड्यात टीव्ही मालिकेचं शूटिंग आलं.

सरपंच सावळाराम कागदपत्रांची जाडजूड फाइल पाहूनच घाबरले. "जयरामभाऊ, तुमी बघा हे. आमाला काय कळतंय त्यातलं?" जयरामभाऊंनी चष्मा पुसला. फाइल घेऊन आली होती कुणाली नावाची मुलगी. ती ना अभिनय करायची, ना कॅमेरा धरायची. तिचं काम फक्त परवानग्या. पण तिने फाइल मिटली की सगळं शूटिंग थांबायचं. जयरामभाऊंना फार दिवसांनी आपल्या जातकुळीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

सीन असा होता, की लग्न होऊन शहरात निघालेली नायिका आपल्या म्हशीचा निरोप घेते. म्हैस ठरली चंद्राबाईंची शेवंती. पाच पाड्यांत तिच्याइतकं गरीब जनावर नव्हतं.

"म्हैस दाखवायची तर परवानगी लागते ना गो?" जयरामभाऊंनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"लागते ना काका. प्राण्यांसाठी मंडळ आहे, तिकडे अर्ज केलाय. गुरांच्या डॉक्टरांचा दाखला जोडलाय. म्हैस निरोगी आहे, तिला त्रास होणार नाही, पळवणार नाही, रंगवणार नाही, सगळं लिहिलंय."

"सगळं नाय लिहिलं. म्हैस किती दिवस काम करणार?"

"तसं एकाच दिवसाचं काम आहे…"

"तसं म्हंजे कसं? कागदावर कुठंय? उद्या महिनाभर राबवाल तिला." जयरामभाऊंनी ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्यावर आणि अर्जाच्या प्रतीवर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'फक्त एक दिवस, मंगळवार.' खाली दोन रेघा मारल्या. "नियम म्हंजे नियम."

कुणाली म्हणाली, "काका, तुम्ही खरं तर आमच्या कंपनीत पाहिजे होतात." हे वाक्य जयरामभाऊ दोन दिवस मनातल्या मनात चघळत होते. त्याच भरात त्यांनी गावकऱ्याच्या भूमिकेसाठी स्वतःचं संमतिपत्रही भरून दिलं. देताना त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका सुधारल्या.

मंगळवारी त्यांनी कचेरीत रजा टाकली. पांढरा शुभ्र शर्ट घालून ते गर्दीत उभे राहिले. पहिला टेक झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला दिग्दर्शक ओरडला, "ते पांढऱ्या शर्टवाले काका कॅमेऱ्यात बघतायत!"

जयरामभाऊ कॅमेऱ्यात बघत नव्हते. कॅमेरा परवानगी दिलेल्या जागेच्या आत उभा आहे ना, एवढंच ते तपासत होते. पण हे समजावून सांगायला कुणाला वेळ होता? "काका, तुम्ही जरा बाजूला थांबता का?" असं त्यांना सांगण्यात आलं.

बाजूला! स्वतःच्या अंगणात! आणि तिकडे शेवंतीच्या शिंगांना तेल लावलेलं, गळ्यात झेंडूची माळ, मेकअपवाल्या मुली तिच्याबरोबर सेल्फी काढतायत, चंद्राबाई कौतुकाने बघतायत. घरातल्या दोघांपैकी म्हैस पास झाली होती आणि कर्ता पुरुष नापास.

जयरामभाऊ तडक गोठ्यापलीकडच्या पेंढ्याच्या उडवीमागे गेले. खिशात कालच्या बंडलातली एक बिडी होती. गावाची हद्द आड आली. पण आज आपण रजेवर आहोत, त्यामुळे मुरबाडची बिडी ओढायची राहून गेली आहे, तेव्हा ही बिडी मुरबाडच्या बदली इथं धरावी, असा त्यांनी स्वतःशी खुलासा केला आणि मंजूरही केला. आणि तीही अर्धीच. (वाळलेल्या पेंढ्याला टेकून बिडी ओढण्यातला दुसरा धोका त्यांच्या लक्षातही आला नाही, यावरून मन किती दुखावलं होतं याची कल्पना यावी.)

इकडे नायिकेने शेवंतीच्या गळ्यात हात टाकले. डोळ्यांत ग्लिसरीन घातलेलं. गालावरून धारा लागल्या. ग्लिसरीन असतं गोड. शेवंतीने मोठ्या मायेने मान वळवली, जीभ बाहेर काढली आणि नायिकेचे अश्रू हनुवटीपासून कपाळापर्यंत एका दमात पुसून घेतले. दिग्दर्शक खुर्चीवरून उठून उभा राहिला. मेकअपवाल्या मुली खरोखरच्या रडल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ऐकून जयरामभाऊंनी अर्धी बिडी विझवली, इलायची तोंडात टाकली आणि तेही टाळ्या वाजवत पुढे आले.

पंधरा दिवसांनी कचेरीत फोन वाजला.

"काका, कुणाली बोलतेय. शेवंतीचा सीन या गुरुवारी, संध्याकाळी सात वाजता. चॅनेलवाले वेडे झालेत जिभेवर! आणि एक गंमत सांगू? तुम्ही पण दिसताय."

"मी?" जयरामभाऊ खुर्चीत ताठ बसले. "मला तर बाजूला केलेलं."

"बाजूलाच दिसताय. मागे, पेंढ्याजवळ. फक्त तेवढ्या वेळ खाली पट्टी येईल हं. तंबाखूमुळे कर्करोग होतो, अशी. ते टाकावंच लागतं आम्हाला."

जयरामभाऊंच्या हातातला शिक्का समोरच्या अर्जावर उलटा पडला. तीस वर्षांच्या नोकरीतला पहिलाच.

ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाले. कुणालीचं युनिट त्या दिवशी माळशेजच्या रस्त्यावर एका ढाब्याच्या मागे काम करत होतं. तिने त्यांना खाटेवर बसवलं, चहा मागवला आणि लॅपटॉपवर सीन दाखवला. पुढे नायिका, मध्ये शेवंतीची जीभ, आणि उजव्या कोपऱ्यात उडवीच्या आडून डोकावणारा पांढरा शर्ट. वर धूर. आणि चेहऱ्यावर असं काही समाधान, की ते पाहून जयरामभाऊंना स्वतःचाच हेवा वाटला.

"हे कापा," ते म्हणाले.

"कापलं तर जीभ जाते, काका."

"मंग मला पुसा. आजकाल काँप्युटरवर काय वाटेल ते पुसतात."

"पुसून पाहिलं ना." तिने दुसरी क्लिप लावली. त्यात जयरामभाऊ नव्हते, धूर मात्र होता. "हे बघा. पेंढ्याला आग लागल्यासारखं दिसतंय. गोठ्यामागे आग, आणि हिरोईन म्हशीशी गप्पा मारत बसलीय. प्रेक्षक शिव्या घालतील. आणि धूर पुसायला गेलं की शेवंतीचं शिंग जातंय."

"मंग परत शूट करा! म्हैस घरचीच हाय. आत्ता घेऊन येतो."

कुणालीने फाइल उघडली आणि एक कागद त्यांच्यासमोर धरला. त्यावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'फक्त एक दिवस, मंगळवार.' खाली दोन रेघा. जयरामभाऊंनी ते अक्षर ओळखलं. इतकं सुबक अक्षर तालुक्यात दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

"नवीन परवानगीला वेळ लागतो, काका. एपिसोड गुरुवारी आहे."

जयरामभाऊंनी आवाज खाली आणला. आयुष्यात त्यांनी कुणाला असं काही सांगितलं नव्हतं. "पोरी, ती पट्टी नाय टाकली तर? एवढीशी तर बिडी. त्यातही अर्धी."

"बिडीची लांबी नियमात नाहीये, काका. तंबाखू दिसला की पट्टी. जेवढा वेळ दिसतो तेवढा वेळ. ठळक, वाचता येईल अशा अक्षरांत. आणि मालिका ज्या भाषेत त्याच भाषेत. इंग्रजीत टाकून भागत नाही."

नियम कसा बिनपळवाटेचा लिहिलाय, हे जयरामभाऊंना मनोमन कबूल करावं लागलं. एरवी त्यांनी लिहिणाऱ्याची पाठ थोपटली असती.

"तुम्ही काकूंना आधीच सांगून का नाही टाकत?" कुणाली म्हणाली. हा त्या दिवसातला एकमेव शहाणपणाचा सल्ला होता, आणि जयरामभाऊंनी तो चहाच्या रिकाम्या ग्लासबरोबर तिथंच ठेवला.

घरी येऊन त्यांनी आपल्या पद्धतीने प्रयत्न सुरू केले.

"चंद्रा, गुरुवारी आसनगावला जाऊ का? लेकीकडं जाऊन किती दिवस झाले."

"श्वेताच येतेय हिकडं, शेवंतीला बघायला. कल्याणच्या हापिसातून हाफ डे घेतलाय तिनं. जावई बी येतायत."

बुधवारी त्यांनी दुसरी बाजू लावून पाहिली. "मी म्हणतो, ह्या मालिका बघणं हे बी एक व्यसनच नाय का? समितीच्या अध्यक्षांनीच बघावं हे बरं दिसतं का?" चंद्राबाईंनी जवळ येऊन त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाय," त्या म्हणाल्या.

आता सगळी भिस्त लाइटवर होती. करंजपाड्यात संध्याकाळी सात वाजता लाइट जाते, ती आल्या पाहुण्याला घड्याळ लावून घेता यावं इतकी नेमाने जाते. गुरुवारी जयरामभाऊ समाजमंदिरात शिरले तर पहिल्या रांगेत लाइनमन जीवन सहकुटुंब बसलेला. "आज काय चिंता करू नका, भाऊ," तो उत्साहाने म्हणाला. "सकाळपास्नं तारांवरच्या सगळ्या फांद्या छाटल्या. आपली शेवंती दिसणार, लाइट जाऊन कसं चालंल?"

समाजमंदिर गच्च भरलं होतं. टीव्ही पुरणार नाही म्हणून शाळेचे गुरुजी प्रोजेक्टर घेऊन आले होते. भिंतीवर पांढरी चादर ताणलेली. पाची पाड्यांच्या बाया, पोरंबाळं, सरपंच, लेक-जावई, सगळे. एवढ्या बाया आयत्या जमल्यात तर समितीची बैठकही उरकून घेऊ, असं चंद्राबाईंनी ठरवलं होतं. त्या उभ्या राहिल्या. जयरामभाऊंनी डोळे मिटले.

"मी लांबचं नाय सांगत," चंद्राबाई म्हणाल्या, "माझ्या घरातलंच उदाहरण सांगते."

जयरामभाऊ उभे राहिले. हात जोडले. टाळ्या पडल्या. घड्याळात सातला दोन मिनिटं कमी होती.

सीन अकराव्या मिनिटाला आहे, हे कुणालीकडून त्यांनी काढून घेतलं होतं. पट्टी येईल ती चादरीच्या खालच्या कडेला. आपण पहिल्या रांगेत, अगदी मधोमध. तेव्हा नेमक्या वेळी काहीतरी निमित्ताने उठायचं, पट्टीच्या आड उभं राहायचं आणि जीभ संपली की बसायचं. कोपऱ्यातला माणूस तेवढ्या गडबडीत कोण बघतोय? योजना बिनचूक होती.

दहावं मिनिट सरलं. नायिका अंगणात आली. शेवंती दिसताच अख्ख्या समाजमंदिराने टाळ्या वाजवल्या. नायिकेने गळ्यात हात टाकले. आणि खाली पांढऱ्या पट्टीवर काळ्या ठसठशीत अक्षरांत उमटलं, 'तंबाखूमुळे कर्करोग होतो.'

"हे काय मधीच?" मागून कुणीतरी विचारलं.

"कुणी ओढत असंल तर लिवतात तसं," दुसरीने सांगितलं.

"कोन ओढतंय पण? हिरोईन तर रडतेय."

"मंग म्हैस ओढते का काय?"

हशा पिकला. हीच वेळ होती. जयरामभाऊ ताडकन उठले आणि चादरीपुढे जाऊन उभे राहिले.

पट्टी चादरीवरून नाहीशी झाली खरी. पण प्रोजेक्टरचा उजेड मागून येतो आणि पुढे जे आडवं येईल त्याच्यावर पडतो, ही गोष्ट जयरामभाऊंच्या योजनेत नव्हती. त्यांच्या पांढऱ्या शुभ्र शर्टाच्या पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, अक्षरं झळकली, 'तंबाखूमुळे कर्करोग होतो.'

आधी पोरं हसली. मग बाया. हसताय कशाला, हे बघायला जयरामभाऊ वळले. आता अक्षरं छातीवर आली, आणि कपाळावर शेवंतीची जीभ फिरू लागली.

"बाबा, बाजूला व्हा!" श्वेता ओरडली.

बाजूला व्हायची त्यांना सवय झाली होती. ते डावीकडे सरकले. तेवढ्यात मालिकावाल्यांच्या रिवाजाप्रमाणे तोच शॉट पुन्हा सुरू झाला, या वेळी ढोलांच्या आवाजात आणि हळूहळू. सगळं समाजमंदिर आता डोळे फाडून बिडी शोधत होतं. जीभ कुणी बघेना.

"त्यो बघ! उडवीच्या मागं!"

"कोन हाय रे त्यो?"

"पांढरा शर्ट…"

तिसऱ्यांदा शॉट आला तेव्हा विचारायची गरजच उरली नव्हती. चादरीवर उजव्या बाजूला एक जयरामभाऊ डोळे मिटून धूर सोडत होते आणि डाव्या बाजूला दुसरे जयरामभाऊ भिंतीला चिकटून उभे होते. शर्ट एकच.

हशा अनावर झाला. सरपंच सावळाराम डोळे पुसत होते. जावई खाली मान घालून गदागदा हलत होते. एकट्या चंद्राबाई हसत नव्हत्या. त्या उठल्या, पदर खांद्यावर नीट घेतला आणि कुणाकडे न पाहता घरी निघून गेल्या.

जयरामभाऊ मागोमाग गेले. चंद्राबाई शेवंतीच्या धारेला बसल्या होत्या. चरवीत धार पडत होती, दुसरा आवाज नव्हता. जयरामभाऊ गोठ्याच्या खांबाला धरून उभे राहिले.

"किती?" चंद्राबाईंनी मान न वळवता विचारलं.

"एक."

"रोज?"

"रविवार सोडून."

"कुठं?"

"मुरबाडला. स्टँडच्या मागं. गावाच्या हद्दीत कधीच नाय. ती एक सोडून."

"आन ती इलायची?"

"ती… त्याच्यासाठीच."

चंद्राबाईंचे हात थांबले. "त्याच्यासाठी होय! आन मी म्हणत होते, उतारवयात माणूस शौकीन झाला."

जयरामभाऊंना वाटलं, राग उतरला. पण चंद्राबाई उठल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. "बिडीचं नाय मला एवढं. सुटत नाय, ठाऊक हाय मला. सांगितलं असतं तर दोघांनी मिळून सोडवली असती. पण तुमी उभं राहून हात जोडत होते, आन बाया टाळ्या वाजवत होत्या. आपल्या समितीतल्या त्या बारकीनं माझं ऐकून नवऱ्याच्या तंबाखूच्या पुड्या चुलीत घातल्या. आठ दिवस घरात भांडण चाललं, तरी मागं हटली नाय. आता त्यो तिला काय म्हणंल? मी कुठल्या तोंडानं जाऊ तिच्या दारात?"

आजवर जयरामभाऊंनी बिडीचा हिशेब फक्त स्वतःच्या छातीशी जोडला होता. त्यात बारकीचं घर येतं, हे त्यांच्या कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं.

"तू नको जाऊस," ते म्हणाले. "मी जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीला निघण्याआधी ते बारकीच्या घरी गेले. बारकीचा नवरा शाम ओटीवर बसून वाटच बघत असल्यासारखा हसला. "या भाऊ, या! काल बघितलं तुमाला. काय झोकात ओढता! बसा." आणि त्याने कनवटीची पुडी काढून मळायला घेतली. बारकी दारात येऊन उभी राहिली.

"शाम," जयरामभाऊ उभ्याउभ्याच म्हणाले, "मी खोटं बोललो. तुझ्या बायकोनं खरं धरून पुड्या जाळल्या. चूक माझी हाय, तिची नाय. आजपास्नं मी सोडतो. तू बी सोड. एकट्याला मला जमत नाय, हे काल सगळ्यांनी बघितलंच."

शाम मळता मळता थांबला. चाळीस वर्षांत कचेरीतला माणूस त्याच्या ओटीवर येऊन 'चूक माझी' म्हणाल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने तळहातावरच्या तंबाखूकडे बघितलं. "ही एवढी मळलेली खातो," तो म्हणाला, "मंग बघू." बारकीने पुढे होऊन त्याच्या तळहातावर फुंकर मारली. तंबाखू अंगणात गेला.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. जयरामभाऊंचं डोकं दुखे, हात थरथरत, दुपारी सुट्टीत पाय आपोआप स्टँडच्या मागे वळत. त्या काळात मुरबाड तालुक्यात जेवढे अर्ज समास नाही म्हणून परत गेले तेवढे मागच्या दहा वर्षांत गेले नसतील. संध्याकाळी शाम आणि ते समाजमंदिराच्या पायरीवर बसून एकमेकांकडे संशयाने बघत बडीशेप चघळायचे. रात्री जेवताना चंद्राबाई विचारायच्या, "आज?" ते म्हणायचे, "नाय." त्या ताटात भाकरीचा अजून एक तुकडा वाढायच्या. शब्द एवढेच, पण त्यावर दिवस निघायचा.

चंद्राबाईंनी अध्यक्षपद सोडायची तयारी दाखवली होती. बायांनी ऐकलं नाही. "राहू दे गो," बारकी म्हणाली. "आदीचं उदाहरण खोटं निघालं तर निघालं. आता त्याच माणसाचं खरं करून दाखवू."

त्रेचाळीस दिवस झाले. टोकावड्याला समितीचा मोठा कार्यक्रम होता. मंडप, माइक, सगळं. या वेळी चंद्राबाईंनी उदाहरण वगैरे काही सांगितलं नाही. त्यांनी नुसता माइक नवऱ्याच्या हातात दिला.

जयरामभाऊंनी घसा साफ केला. "मी इथं दोन वर्षं खोटं हात जोडत होतो," ते म्हणाले. त्यांनी काहीच लपवलं नाही. मार्चअखेर सांगितली, स्टँडची मागची बाजू सांगितली, इलायचीसुद्धा सांगितली. "आज त्रेचाळीस दिवस झाले. एकही नाय. अर्धी पण नाय."

असा टाळ्यांचा पाऊस त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. शाल मिळाली होती तेव्हाही नाही. त्यांना भरून आलं. चंद्राबाई खाली बघत होत्या, पण त्यांचा चेहरा उजळला होता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून काठी टेकत जनाबाई उठल्या. वय ऐंशीच्या पुढे, डोळे शाबूत, कान थोडे कमी. "खोटं बोलतोय गो ह्यो!" त्या म्हणाल्या. "काल दुपारी दोन वाजता ओढत होता. मी सोता बघितला. म्हशीच्या मागं!"

मंडपात कुजबुज सुरू झाली.

"आजी, ती मालिका होती!" जयरामभाऊ माइकवरून ओरडले. "जुनंच दाखवतात. दुपारी पुनःप्रक्षेपण असतं!"

"काय असतं?"

"पुनः… पुनःप्रक्षेपण!"

"काय?"

"पुन्हा, आजी! पुन्हा, पुन्हा!"

जनाबाईंनी काठी उगारून सगळ्या मंडपाकडे वळून पाहिलं. "ऐकलं का गो बायांनो? सोता कबूल करतोय, पुन्हा, पुन्हा म्हणून!"

पहिलं हसू फुटलं ते चंद्राबाईंना. पदर तोंडाला लावूनही ते आवरेना, आणि मग मंडपात कुणालाच आवरेना. जयरामभाऊ माइक धरून 'ऐका, ऐका' म्हणत राहिले, पण ऐकायला कुणीच मोकळं नव्हतं. जनाबाई तेवढ्या गंभीर चेहऱ्याने खाली बसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "मगाशी मी टाळ्या वाजवल्या ना, त्या धरू नका गो."